पूर्व-पश्चिम विचारावरची जुनी पुस्तकं: आज वाचायची तर कशी?

वाचनमग्न

पूर्व आणि पश्चिम या विषयावर साधारण १९०० ते १९५० या काळात तत्त्वज्ञानाची बरीच पुस्तकं आली. त्यांच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ती कालबाह्य झाली, कारण तशी दोन वेगळी जगं आता उरलेलीच नाहीत. दुसरं म्हणजे त्यांत सगळं आधीच सांगून ठेवलंय, आपण फक्त ऐकलं नाही. दोन्ही मतं पुस्तकाच्या निष्कर्षाकडे बघून दिलेली असतात. मला वाटतं, या पुस्तकांचा खरा ऐवज निष्कर्षात नाही, ती कशी रचली गेली त्यात आहे. म्हणून प्रत्येक पुस्तकाला तीन गोष्टी विचाराव्यात: याचं भांडण नेमकं कोणाशी आहे? हे कुठल्या ग्रंथांच्या आधारावर उभं आहे? आणि तुलना कोणाच्या परिभाषेत चालली आहे?

सुरुवात 'हिंद स्वराज्य'पासून करतो.

गांधींनी हे पुस्तक १३ ते २२ नोव्हेंबर १९०९ या दहा दिवसांत 'किल्डोनन कॅसल' या जहाजावर, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना, गुजरातीत लिहिलं. डिसेंबरात ते 'इंडियन ओपिनियन'च्या दोन अंकांत छापलं गेलं. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली आणि त्याच महिन्यात गांधींनी स्वतः केलेलं इंग्रजी भाषांतर बाहेर आलं.

भांडण कोणाशी? पुस्तक 'वाचक' आणि 'संपादक' यांच्या संवादाच्या रूपात आहे. हा वाचक म्हणजे लंडनमधला, सशस्त्र मार्गावर भिस्त ठेवणारा हिंदी (म्हणजे भारतीय) तरुण. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या होत्या. २४ ऑक्टोबरला लंडनमधल्या दसऱ्याच्या कार्यक्रमात गांधी आणि सावरकर दोघेही बोलले होते. ही पार्श्वभूमी माहीत नसली की पुस्तक इंग्रजांना उद्देशून आहे असं वाटतं आणि निम्मा युक्तिवाद हातून निसटतो.

आधार कशाचा? शेवटचं परिशिष्ट उघडा. पुढच्या वाचनासाठी २० पुस्तकं सुचवली आहेत. टॉल्स्टॉयची सहा, थोरोची दोन, रस्किनची दोन, शिवाय प्लेटो, मॅझिनी, मेन, कार्पेंटर वगैरे. हिंदी लेखक दोनच: दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त. आधुनिक पाश्चात्य सुधारणेवर (म्हणजे सभ्यतेवर, 'सिव्हिलायझेशन'वर) इतकी कडक टीका करणारं पुस्तक पश्चिमेतल्याच टीकाकारांच्या मदतीने उभं आहे. गांधींनी हे लपवलेलं नाही, यादीच छापून दिली आहे. म्हणजे पूर्व आणि पश्चिम यांची सीमारेषा दोन देशांमधून जात नाही, ती प्रत्येक समाजाच्या आतून जाते, हा या पुस्तकाचा खरा दावा आहे आणि तो आजही तपासण्याजोगा आहे.

नवखा

धागा वाचनखुणांत साठवला. एक व्यवहारी प्रश्न. रेल्वे, वकील आणि डॉक्टर यांच्यावरची प्रकरणं आली की बहुतेक लोक पुस्तक मिटतात. ते पार करायचं कसं? आणि बाजारात इतक्या आवृत्त्या आहेत, त्यांतली कोणती घ्यावी?

ग्रंथपाल

क्रम बदलून वाचा. एकूण २० प्रकरणं आहेत, सगळी छोटी. आधी चौथं वाचा, 'स्वराज्य म्हणजे काय'. वाघ नको पण वाघाचा स्वभाव हवा, ही टीका तिथे आहे. मग सहावं (सुधारणा), तेरावं (खरी सुधारणा) आणि सतरावं (सत्याग्रह). हे चार झाले की पुस्तकाचा कणा हाती येतो. त्यानंतर नववं ते बारावं, म्हणजे रेल्वे, हिंदू-मुसलमान, वकील, डॉक्टर ही प्रकरणं घ्या. आता ती चिडून लिहिलेली न वाटता सहाव्या प्रकरणातल्या व्याख्येची उदाहरणं म्हणून दिसतील. माणसाने शरीरसुख हेच जीवनाचं ध्येय मानलं की काय होतं, याची ती उदाहरणं आहेत. एकोणिसावं, यंत्रांवरचं, सगळ्यात शेवटी.

आवृत्तीबद्दल: नुसतं वाचायचं असेल तर नवजीवनची स्वस्त प्रत पुरेशी आहे. अभ्यास करायचा असेल तर अँथनी परेल यांनी संपादित केलेली १९९७ची केंब्रिज आवृत्ती घ्या. तिच्यातल्या तळटीपा त्या वीस पुस्तकांपर्यंत घेऊन जातात. गुजराती मूळ आणि गांधींचं इंग्रजी यांची तुलना करायची असेल तर सुरेश शर्मा आणि त्रिदीप सुहृद यांची २०१०ची चिकित्सक आवृत्ती आहे. गुजराती आणि इंग्रजी मजकूर सगळीकडे सारखा नाही, त्यामुळे एखाद्या वाक्यावर वाद घालण्याआधी दोन्ही बघावेत.

एक चूक फार होते. १९०९चं पुस्तक वाचून 'गांधींचं मत हे' असं म्हटलं जातं. त्याला पुढचे टप्पे जोडा. १९२१मध्ये गांधींनी 'यंग इंडिया'त या पुस्तकाबद्दल खुलासा केला. सप्टेंबर १९३८मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'आर्यन पाथ' मासिकाने 'हिंद स्वराज्य' विशेषांक काढला आणि इंग्लंडमधल्या विचारवंतांकडून टीका मागवून छापली. आणि ऑक्टोबर १९४५मध्ये गांधी-नेहरू पत्रव्यवहार झाला. गांधींचं पत्र ५ तारखेचं, नेहरूंचं उत्तर ९ तारखेचं. पुस्तक, टीका आणि पत्रं अशी तिन्ही समोर ठेवली तर छत्तीस वर्षांचा एक सलग वाद वाचायला मिळतो.

तर्कसंग्रह

'हिंद स्वराज्य'पुरतं वाचनमग्न यांचं म्हणणं मान्य. पण या विषयावरची सगळीच पुस्तकं इतकी टिकाऊ नाहीत. काहींचा पायाच कच्चा आहे आणि तो नेमका कुठे कच्चा हे सांगायला हवं.

उदाहरण: अमेरिकन तत्त्वज्ञ एफ. एस. सी. नॉर्थ्रॉप यांचं १९४६चं 'द मीटिंग ऑफ ईस्ट अँड वेस्ट'. त्या काळी फार गाजलं. मांडणी अशी: पश्चिमेचं ज्ञान गृहीतकांतून उभ्या केलेल्या संकल्पनांवर चालतं (अणू, विद्युतचुंबकीय क्षेत्र वगैरे), तर पूर्वेचं ज्ञान थेट अनुभवातून मिळणाऱ्या संकल्पनांवर. म्हणून दोन्ही एकमेकांना पूरक, दोघांनी मिळून पूर्ण ज्ञान होतं. ऐकायला सुंदर आहे.

आता हा साचा न्यायदर्शनाला, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेला, लावून बघा. नैयायिकांचं अनुमान पाच अवयवांचं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्याचा सगळा भार व्याप्तीवर, म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' अशा अटळ संबंधावर. व्याप्ती ठरवताना उपाधी (संबंध खोटा ठरवणारी लपलेली अट) आहे का ते शोधायचं, हेत्वाभास (सदोष हेतू) तपासायचे. परमाणू कुणाला दिसत नाहीत, वैशेषिक दर्शनाचे विचारवंत ते अनुमानाने सिद्ध करतात. म्हणजे नॉर्थ्रॉपच्याच भाषेत गृहीतकातून उभी केलेली संकल्पना पूर्वेत सापडली. न्यायाच्या उत्तरकालीन शाखेतली, नव्यन्यायातली, अवच्छेदकतेची (प्रत्येक संबंधाची मर्यादा काटेकोर बांधणारी) भाषा तर अनुभवाच्या थेटपणापासून कोसभर लांब आहे. साचा मोडला तो तपशिलात मोडला नाही, मुळातच मोडला. वेदान्त आणि बौद्ध विचारातला ठरावीक भाग उचलून त्याला 'पूर्व' म्हटलं की हे होणारच.

याच्या उलट जपानी अभ्यासक हाजिमे नाकामुरा. जपानीत १९४८-४९, इंग्रजीत १९६४, होनोलुलूहून. 'वेज ऑफ थिंकिंग ऑफ ईस्टर्न पीपल्स'. त्यांनी भारतीय, चिनी, तिबेटी आणि जपानी असे चार वेगळे भाग केले. एकच बौद्ध विचार चार भाषांत जाताना काय गाळलं गेलं आणि काय वाढवलं गेलं हे ते वाक्यरचना आणि भाषांतरं तपासून दाखवतात. त्यांचेही काही राष्ट्रस्वभावाचे निष्कर्ष आज घेता येणार नाहीत, पण पद्धत घेता येते, कारण ती मजकुरावर बोट ठेवते. 'संपूर्ण पूर्व' असं काही नाही, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

माझी कसोटी साधी आहे. पुस्तकात 'पूर्व' हा शब्द आला की तिथे विशिष्ट दर्शन, विशिष्ट ग्रंथ, विशिष्ट शतक घालून वाक्य पुन्हा वाचायचं. वाक्य टिकलं तर पुढे जायचं. नॉर्थ्रॉपची फार थोडी वाक्यं टिकतात.

सत्यशोधनी

या धाग्यावर अजून एक मोठी बाजू आलेली नाही. पूर्व विरुद्ध पश्चिम अशी चौकट आखली की पूर्वेच्या आत कोण कोणाच्या खाली आहे हा प्रश्न दिसेनासा होतो. मराठीत ही गोष्ट फार आधी सांगितली गेली आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. ही अर्पणपत्रिका पूर्व-पश्चिम विचारातला महत्त्वाचा दस्तऐवज आहे. इथल्या शूद्रातिशूद्रांची तुलना तिथल्या काळ्या गुलामांशी आणि आशा अशी की इथल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा. पश्चिम म्हणजे राज्यकर्ता हे समीकरण फुल्यांनी मोडलं. थॉमस पेन त्यांनी वाचला तो मुक्तीचं हत्यार म्हणून.

आणि 'हिंद स्वराज्य'ला सगळ्यात नेमकं उत्तर कुठे आहे? आंबेडकरांच्या १९४५च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स'मधल्या गांधीवादावरच्या प्रकरणात. युक्तिवाद असा: माणूस आणि पशू यांत फरक संस्कृतीचा. संस्कृतीसाठी फावला वेळ लागतो. फावला वेळ सगळ्यांना मिळायचा तर श्रम कमी व्हायला हवेत आणि ते यंत्राशिवाय होत नाहीत. यंत्रामुळे दुष्परिणाम झाले असतील तर दोष समाजरचनेचा, मालकीच्या व्यवस्थेचा. यंत्र टाकून देणं म्हणजे बहुसंख्यांना पुन्हा ढोरमेहनतीत ढकलणं.

ग्रंथपाल यांनी सुचवलेला क्रम चांगला आहे, पण एकोणिसाव्या प्रकरणानंतर लगेच आंबेडकरांचं हे प्रकरण वाचल्याशिवाय तो पुरा होत नाही. 'आर्यन पाथ'मधले इंग्रज टीकाकार यंत्राबद्दल बोलतात. यंत्र नसेल तेव्हा मैला कोण वाहणार, हा प्रश्न आंबेडकरांच्या टीकेतून समोर येतो.

वाचनमग्न

सत्यशोधनी, फार महत्त्वाची भर. तुमच्या मुद्द्यावरून एक धागा पुढे नेतो: गांधी आणि आंबेडकर दोघेही पश्चिमेतूनच साधनं उचलत होते, फक्त वेगवेगळ्या दालनांतून. गांधींनी टॉल्स्टॉय-रस्किन घेतले, आंबेडकरांनी कोलंबियात शिकवणाऱ्या जॉन ड्युईंचा विचार घेतला. म्हणून 'पश्चिमेचा प्रभाव' एवढं म्हणून काहीच कळत नाही. कुठल्या पश्चिमेचा, हे सांगावं लागतं.

पूर्वाई

'आशिया एक आहे' या वाक्याचा प्रवास इथे मांडायला हवा. एका तात्त्विक वाक्याचं राजकारणात काय होतं हे त्यातून फार स्पष्ट कळतं.

जपानी कलाविचारवंत ओकाकुरा काकुझो १९०१-०२मध्ये भारतात होते. १९०३मध्ये लंडनहून त्यांचं 'द आयडियल्स ऑफ द ईस्ट' निघालं, प्रस्तावना भगिनी निवेदितांची. पहिलंच वाक्य 'आशिया एक आहे'. पुस्तकाचा विषय मुख्यतः जपानची कला. भारत आणि चीन इथले प्रवाह जपानमध्ये येऊन जतन झाले, असं प्रतिपादन. १९०३मध्ये युरोपच्या वर्चस्वापुढे हे वाक्य धीर देणारं होतं. ओकाकुरा १९१३मध्ये वारले. पुढे जपानी लष्करशाहीने तेच वाक्य शेजाऱ्यांवर राज्य करण्याच्या समर्थनासाठी वापरलं.

रवींद्रनाथ हे बिघडण्याआधी ओळखतात. १९१६मध्ये जपान आणि अमेरिकेत दिलेली व्याख्यानं १९१७मध्ये 'नॅशनॅलिझम' या नावाने आली. तीन भाग: पश्चिमेतला, जपानमधला आणि भारतातला राष्ट्रवाद, शेवटी एक कविता. घाईत वाचणारे याला 'पश्चिमविरोधी' म्हणतात, पण रवींद्रनाथ पश्चिमेचा आत्मा आणि पश्चिमेचं 'राष्ट्र' यांत काटेकोर भेद करतात. राष्ट्र म्हणजे एखादा जनसमूह यांत्रिक हेतूसाठी संघटित झाला की त्याला येणारं राजकीय-आर्थिक रूप. जपानने पश्चिमेकडून नेमकं हेच यंत्र उचललं, असा त्यांचा इशारा. तोही जपानी श्रोत्यांसमोर, टोकियोत.

तिसरा भाग सत्यशोधनी यांच्या मुद्द्याशी थेट जुळतो. भारताचा खरा प्रश्न राजकीय नाही, सामाजिक आहे, असं रवींद्रनाथ तिथे स्वच्छ लिहितात आणि जातिव्यवस्थेने विविधता मान्य केली पण बदलाची वाट बंद केली, असं सांगतात. हा भाग वगळून फक्त पहिला भाग वाचण्याची पद्धत पडली आहे, ती मोडायला हवी.

आता शेवटचा टप्पा. १९३८मध्ये जपानी कवी योने नोगुची यांनी रवींद्रनाथांना पत्र लिहून चीनमधल्या युद्धाचं समर्थन केलं: हे आशियासाठीचं युद्ध आहे. रवींद्रनाथांनी उत्तर दिलं की तुमच्या कल्पनेतला आशिया कवट्यांच्या मनोऱ्यावर उभा राहणार आहे. ओकाकुरांचं पहिलं प्रकरण, 'नॅशनॅलिझम'मधलं जपानचं व्याख्यान आणि ही पत्रं एका बैठकीत वाचता येतात. पस्तीस वर्षांत एका कल्पनेची सत्त्वपरीक्षा कशी झाली हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला संच मला माहीत नाही. आज कुठल्याही देशातून 'आमची सभ्यता वेगळी, आमची मूल्यं वेगळी' अशी भाषा आली की हा संच कामाला येतो. ती भाषा कोण वापरतंय आणि शेजाऱ्याला त्यातून काय भोगावं लागतंय, हे दोन्ही विचारायची सवय लागते.

कर्मजिज्ञासू

मराठी वाचकांच्या घरात असलेलं आणि तरी या अंगाने क्वचित वाचलं जाणारं पुस्तक म्हणजे 'गीतारहस्य'. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेलं, १९१५मध्ये प्रसिद्ध झालेलं. लोक त्याला गीतेवरची टीका म्हणून वाचतात. पण पहिली सहा प्रकरणं बारकाईने पाहा, तो तौलनिक नीतिशास्त्राचा ग्रंथ आहे.

रचना अशी आहे. कर्म-अकर्माचा निर्णय कसा करायचा, याच्या तीन वाटा टिळक मांडतात. आधिभौतिक: बाह्य परिणाम बघून, म्हणजे बेंथम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांचं 'पुष्कळांचं पुष्कळ सुख'. आधिदैविक: मनातल्या सदसद्विवेकाच्या देवतेचा कौल घेऊन. आध्यात्मिक: आत्मस्वरूपाच्या विचारातून, आणि इथे कांट आणि टी. एच. ग्रीन सोबतीला येतात. चौथं प्रकरण पहिल्या वाटेवर, सहावं दुसऱ्या वाटेवर, नववं तिसऱ्या वाटेच्या पायावर. पाश्चात्य लेखकांची नावं शोभेसाठी आलेली नाहीत. ती काढली तर चौथ्या प्रकरणात पूर्वपक्षच (खोडून काढायचं विरोधी मत) उरत नाही.

वाचताना दोन ठिकाणी लोक अडखळतात. एक: सातव्या-आठव्या प्रकरणात सांख्य आणि उत्क्रांतिवाद यांची तुलना येते. तिथे टिळकांच्या काळचं विज्ञान आहे, जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल वगैरे. ते विज्ञान म्हणून वाचू नये, त्या काळी विज्ञानाचा तात्त्विक अर्थ काय लावला जात होता याचा पुरावा म्हणून वाचावं. दोन: चौदावं प्रकरण आधी वाचण्याचा मोह. गीतेचा अध्यायवार संबंध तिथे असल्यामुळे ते सोपं वाटतं, पण अकराव्यातला संन्यास विरुद्ध कर्मयोग हा वाद झाल्याशिवाय त्यातले निर्णय अधांतरी दिसतात. नेट धरून वाचायचं तर २, ४, ५, ६, ९, १०, ११, १२ आणि मग १५, जिथे ग्रीन-कांट पुन्हा येतात.

तर्कसंग्रह

चौथ्या प्रकरणाबद्दल सहमत. पण एक खबरदारी. टिळक ज्या तीन पद्धती सांगतात त्यांना ते फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्ट कोंतच्या मानवी विचाराच्या तीन अवस्थांशी जोडतात आणि हे वर्गीकरण आपल्याकडे जुनंच आहे असं म्हणतात. 'आपल्याकडे हे होतंच आणि तुमचं त्याच्या आत सामावतं' ही हालचाल त्या काळच्या बहुतेक हिंदी ग्रंथांत दिसते. जर्मन भारतविद्या-अभ्यासक पॉल हॅकर याला समावेशकवाद म्हणतात. विल्हेल्म हाल्बफास यांनी 'इंडिया अँड युरोप'मध्ये (जर्मन १९८१, इंग्रजी १९८८) त्यावर सविस्तर लिहिलंय. दुसऱ्याला आदराने जागा द्यायची, पण आपल्या शिडीच्या खालच्या पायरीवर. राधाकृष्णन यांच्या १९३९च्या 'ईस्टर्न रिलिजन्स अँड वेस्टर्न थॉट'मध्येही ही हालचाल जागोजागी आहे.

हाल्बफास यांचा पुढचा मुद्दा जास्त बोचरा आहे. आज पूर्व-पश्चिम संवाद होतो तो समसमान मैदानावर होत नाही, पश्चिमेच्या विचारांनी घडवलेल्या जगात, तिथल्याच संकल्पनांत होतो. टिळकांनाही कर्मयोग मांडताना नीतिशास्त्राचं दालन पाश्चात्यांच्या आराखड्यावर उभारावं लागलं.

कर्मजिज्ञासू

हालचाल आहे, हे खरं. पण हॅकरची टीका सरसकट लावली तर टिळकांनी केलेलं खंडन दिसत नाही. सामावून घेणारा माणूस विरोधकाचा युक्तिवाद पायरी-पायरीने मांडून तो कुठे तुटतो हे सांगत बसत नाही. टिळक बेंथम-मिलच्या बाबतीत तेच करतात: 'पुष्कळ' मोजायचे कसे, बाह्य परिणाम सारखा असूनही कर्त्याची बुद्धी वेगळी असली तर नैतिक मोल सारखं कसं? हा प्रश्न आजही परिणामवाद्यांना विचारला जातो. राधाकृष्णन यांच्याबाबत म्हणाल, तर ते पुस्तक कोणाला उत्तर म्हणून आलं तेही सांगायला हवं. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी भारतीय विचारावरच्या पुस्तकात (इंग्रजी १९३६) तो जगाला आणि जीवनाला नकार देणारा आहे असं म्हटलं होतं. राधाकृष्णन त्या आरोपाचा मुद्देसूद समाचार घेतात. श्वाइट्झर न वाचता राधाकृष्णन वाचले की आवाज उगाच चढा वाटतो. धागाकर्त्यांचा पहिला प्रश्न, भांडण कोणाशी, इथेही लागू पडतो.

खानदेशी

हाल्बफास यांचा 'समसमान मैदान नाही' हा मुद्दा आपल्याकडे पन्नासेक वर्षं आधी मांडला गेला होता आणि त्याच्या कर्त्याचा खानदेशाशी संबंध आहे.

बंगाली तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य. 'स्वराज इन आयडियाज' हे त्यांचं व्याख्यान १९३०च्या आगेमागे दिलेलं, छापलं गेलं त्यांच्या निधनानंतर, १९५४मध्ये 'विश्वभारती क्वार्टर्ली'त. मोजकी पानं आहेत. व्याख्या अशी: परका विचार आला म्हणून गुलामी येत नाही. आपला जुना विचार तुलनेशिवाय, स्पर्धेशिवाय बाजूला सारला जातो तेव्हा वैचारिक गुलामी येते. म्हणून औषधही दुहेरी आहे. परका आदर्श नाकारू नका, पण तो आपल्या आदर्शासमोर उभा करून तपासा, जास्त खोल निघाला तर घ्या. जुन्याला केवळ आपलं म्हणून कवटाळण्यालाही ते विरोध करतात. आणि आपल्या भाषांतून विचार करा, कारण उसन्या भाषेतल्या कल्पना मुळाशिवाय वाढतात.

भट्टाचार्य १९३३ ते १९३५ या काळात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे संचालक होते. प्रतापशेठ यांनी १९१६मध्ये स्थापन केलेली ही संस्था. पूर्व खानदेशातल्या एका गावी देशभरातले तत्त्वज्ञ राहून काम करत होते आणि 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघत होतं, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने आणि तपशिलाने माहीत करून घ्यावी अशी आहे. १९८४मध्ये पुणे विद्यापीठाच्या 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली'ने या व्याख्यानावर विशेष अंक काढला.

व्याख्यानाचं आवाहन प्रत्यक्षात आणण्याचा मोठा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. १९८३, पुणे. मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण या तत्त्वज्ञांनी पारंपरिक न्याय-मीमांसेचे पंडित आणि विद्यापीठातले पाश्चात्य पद्धतीने शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसवले. विषय मुद्दाम नेमका ठेवला: बर्ट्रांड रसेल यांचा 'प्रपोझिशन'चा (विधानाचा) सिद्धान्त. पाश्चात्य मत संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवलं आणि त्यांच्या परंपरेतून त्यावर मत मागितलं. पंडित इथे साहित्यातला संदर्भ म्हणून आले नव्हते, परीक्षक म्हणून आले होते. शाब्दबोधाच्या, म्हणजे वाक्यातून अर्थ कसा कळतो याच्या, अंगाने त्यांनी आक्षेप घेतले. हे सगळं 'संवाद' नावाने १९९१मध्ये पुस्तकरूपाने आलं.

हे यशस्वी का झालं, तेही सांगतो. 'भारतीय आणि पाश्चात्य तत्त्वज्ञान' असा विषय ठेवला असता तर दोन दिवस गुणगान झालं असतं. एक सिद्धान्त, एक परिभाषा, एक वादप्रश्न ठेवल्यामुळे दोन्ही बाजूंना उत्तर द्यावंच लागलं. नॉर्थ्रॉपच्या पुस्तकात जे नाही ते नेमकं हेच.

नवखा

खानदेशी, तुमचा प्रतिसाद फार आवडला. पाच-सहा जणांच्या वाचनगटाला हे झेपेल अशा प्रमाणात सांगाल का? संस्कृत येत नाही, वेळ आठवड्याला दोन तास. आणि यांतलं फुकट काय मिळतं?

खानदेशी

झेपेल. आठ बैठका धरा.

पहिली: भट्टाचार्यांचं व्याख्यान, पूर्ण. दुसरी आणि तिसरी: 'हिंद स्वराज्य', ग्रंथपाल यांच्या क्रमाने, सोबत परिशिष्टातली यादी. चौथी: आंबेडकरांचं गांधीवादावरचं प्रकरण आणि 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका-प्रस्तावना. पाचवी: ओकाकुरांचं पहिलं प्रकरण, रवींद्रनाथांची जपान आणि भारत ही दोन व्याख्यानं, नोगुची पत्रं. सहावी-सातवी: 'गीतारहस्य' प्रकरण ४ आणि सोबत मिलच्या 'युटिलिटॅरियनिझम'चं दुसरं प्रकरण. हे महत्त्वाचं. टिळकांनी मिलला न्याय दिला की नाही हे मिल वाचूनच ठरवा. आठवी: एकच प्रश्न घेऊन वाद.

पद्धत: दर बैठकीला एकाने फक्त पूर्वपक्ष मांडायचा, विरोधी मत इतकं नीट की त्या मताच्या माणसाने मान डोलवावी. तो संपेपर्यंत कोणी खंडन करायचं नाही. मग उत्तरपक्ष. एक जण टाचण ठेवेल आणि 'पूर्व', 'पश्चिम', 'आपली संस्कृती' हे शब्द आले की थांबवून विचारेल: कुठला ग्रंथ, कुठलं शतक? तर्कसंग्रह यांची कसोटी आहे ती. पहिल्या दोन बैठकांत वारंवार थांबावं लागेल, पुढे कमी होतं.

बिघडतं कुठे, तर आठव्या बैठकीला प्रश्न मोठा घेतला की. 'आधुनिकता चांगली की वाईट' असला प्रश्न नको. 'श्रम कमी करणारं यंत्र कोणत्या अटीवर स्वीकारावं' हा चालेल, कारण त्यावर गांधी, आंबेडकर, रवींद्रनाथ तिघांकडेही उतारे आहेत.

ग्रंथपाल

फुकट काय मिळतं याचं उत्तर. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांपर्यंत असतात, मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजून. म्हणून फुले, टिळक आणि ओकाकुरा कधीच खुले झाले, रवींद्रनाथ २००१ अखेर, गांधी २००८ अखेर, आंबेडकर २०१६ अखेर. राधाकृष्णन १९७५मध्ये गेले, त्यांची पुस्तकं २०३५ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. नॉर्थ्रॉप, नाकामुरा, हाल्बफास आणि 'संवाद' ग्रंथालयातूनच घ्यावे लागतील. मूळ ग्रंथ खुला असला तरी अलीकडच्या भाषांतराचे आणि संपादकाच्या टीपांचे हक्क वेगळे असतात, ते बघून घ्या.

'नॅशनॅलिझम' प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर स्वच्छ मजकुरात आहे. बाकीची इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन स्वरूपात. स्कॅन उतरवल्यावर तीन गोष्टी आधी तपासा: मुखपृष्ठामागचं वर्ष आणि आवृत्ती, शेवटची परिशिष्टं आहेत का ('हिंद स्वराज्य'ची यादी काही प्रतींत गाळलेली असते), आणि मधली पानं सलग आहेत का. 'गीतारहस्या'च्या जुन्या छपाईत अनुस्वार जास्त आहेत, त्यामुळे 'नाहीं', 'केलें' असं टंकलं तरच शोध लागतो, तेही जोडाक्षरं यंत्राने नीट ओळखली असतील तर. गटात सगळ्यांनी एकच स्कॅन वापरा आणि पृष्ठांकाऐवजी प्रकरण आणि परिच्छेद सांगा. मराठी 'गीतारहस्य' आणि सुखटणकरांचं १९३५-३६चं इंग्रजी भाषांतर यांची पानं जुळत नाहीत, बैठकीचा अर्धा तास त्यातच जातो.

सत्यशोधनी

चौथ्या बैठकीसाठी: आंबेडकरांचं ते पुस्तक महाराष्ट्र शासनाने काढलेल्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या नवव्या खंडात आहे. गांधीवादावरचं प्रकरण शेवटाकडे, अकरावं. सुरुवातीचे ट्रस्टीशिपवरचे (श्रीमंतांनी संपत्ती विश्वस्त म्हणून सांभाळावी, या गांधींच्या कल्पनेवरचे) परिच्छेद गाळू नका, यंत्राचा मुद्दा त्यांच्यावर उभा आहे.